भाच्याच्या रोस्टरमधली तीन अक्षरं

माझा भाचा विमान कंपनीत सहवैमानिक आहे, हे आता आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत झालंय. पण हा मुलगा महिन्यातले पाच-सहा दिवस पूर्ण तयारीनिशी खोलीत बसून नुसता फोनची वाट बघतो, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. "म्हणजे नोकरी पक्की नाही का अजून?" असा प्रश्न एका शेजारणीने आपाला तोंडावर विचारला. आपाला उत्तर देता आलं नाही. माझ्या शाळेतले दोन-तीन पालकही हल्ली मुलांना पायलट करायचं म्हणून विचारायला येतात. त्यांना उड्डाणाबद्दल सगळं ऐकायचं असतं, वाट बघण्याबद्दल कुणालाच नाही. म्हणून हे लिहिते आहे.

त्याच्या रोस्टरमध्ये, म्हणजे महिन्याच्या वेळापत्रकात, काही तारखांसमोर एस, बी, वाय अशी तीन अक्षरं असतात. स्टँडबाय. कुणी वैमानिक आजारी पडला, कुणाचं विमान उशिरा आलं आणि त्याच्या ड्युटीचे तास संपले, तर त्या जागी यांना बोलावतात. शाळेत आपण एखादी बाई रजेवर गेली की तिच्या वर्गावर ऑफ तासवाल्याला पाठवतो, तसंच. फरक इतकाच की आमचा ऑफ तास पस्तीस मिनिटांचा असतो आणि तो घेऊन आपण संध्याकाळी घरीच येतो. हा सकाळी मुंबईच्या खोलीत असतो आणि रात्री गुवाहाटीच्या हॉटेलात.

भाषेची शिक्षिका असल्यामुळे मला या शब्दाचं कुतूहल वाटलं. वैमानिकाने रेडिओवर काही परवानगी मागितली आणि कंट्रोल टॉवर 'स्टँडबाय' म्हणाला, तर त्याचा अर्थ 'थांबा, मी तुम्हाला बोलावतो'. तो होकार नसतो आणि नकारही नसतो. उर्दूत 'इंतज़ार'मध्ये एक हुरहुर आहे, मराठीत 'वाट बघणे' यात निदान रस्ता तरी आहे. या इंग्रजी शब्दात नुसतं उभं राहणं आहे.

इथपर्यंत यायचा रस्ता थोडक्यात सांगते, कारण त्याची माहिती कुठेही मिळते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. मग वैद्यकीय तपासणी, आधी दुसऱ्या वर्गाची आणि नंतर पहिल्या वर्गाची. पालकांना माझं हात जोडून सांगणं आहे, एक रुपया फी भरण्याआधी ही तपासणी करून घ्या. मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, पेपर: दिशादर्शन, हवामान, नियम, तांत्रिक. पास व्हायला ७० टक्के लागतात. आणि व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण. त्यातले १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून आणि एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा. आपल्याकडे बारामती, गोंदिया, धुळे इथे ही प्रशिक्षणं चालतात. भाचा दहावीपर्यंत उर्दू माध्यमात होता. 'तबीइयात' म्हणून शिकलेला विषय अकरावीत 'फिजिक्स' होऊन समोर आला, तेव्हा तो सहा महिने चाचपडला. रेडिओवरच्या इंग्रजीची वेगळी परीक्षा असते, तिच्यात किमान चौथी पातळी लागते. तिथे मात्र तो अडला नाही. उच्चार स्वच्छ ठेवायची सवय त्याला मक्तबमधल्या हाफिजसाहेबांनी लावली होती. शीन आणि क़ाफ़वर छडी खाल्लेला मुलगा 'नाइनर' आणि 'ट्री' म्हणायला का घाबरेल? नऊला 'नाइनर' आणि तीनला 'ट्री' म्हणतात तिथे, ऐकण्यात गफलत होऊ नये म्हणून.

पैशाचं मी स्पष्ट लिहिते. आमच्या घरात पन्नास लाखांच्या घरातला आकडा याआधी कुणी उच्चारलाही नव्हता. दुलाभाईंनी अक्कलकोट रोडची जागा विकली. उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज घ्यायचं की नाही यावर तीन महिने वाद झाला, कारण सूद. कुणी म्हणालं मजबुरी आहे, चालेल. कुणी म्हणालं पायलट होणं ही मजबुरी कशी? मौलाना आझाद महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची मर्यादा या खर्चापुढे फारच तोकडी. शेवटी नातेवाइकांकडून क़र्ज़-ए-हसना आणि थोडं बँकेचं, असं झालं. या प्रश्नाचा निकाल माझ्याकडे नाही. पण ज्यांनी तेव्हा नाकं मुरडली, तेच आता 'आपला पोरगा' म्हणतात, एवढं नोंदवून ठेवते.

परवाना मिळाल्यावर लगेच नोकरी लागते असं समजू नका. लहान विमानाचा परवाना मिळालेला असतो. एअरबस ३२० किंवा एटीआर चालवायला त्या-त्या जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचे पैसे वेगळे, आणि आधी किंवा नंतर कंपनीच्या बोलावण्याची वाट वेगळी. भाचा आठ महिने घरी होता. सोलापुरात आठ महिने घरी बसलेल्या पायलटला काय काय ऐकावं लागतं ते मी सांगायला नको. मी त्याला माझ्या शिक्षण सेवकपणाची तीन वर्षं सांगत असे. बीएड हातात, वर्ग पूर्ण, काम पूर्ण, आणि पगाराच्या जागी मानधन. तो हसायचा. "खाला, तुम्हाला निदान वर्ग तरी होता."

टाइप रेटिंगचं प्रशिक्षण दिल्लीजवळ झालं. पहिले काही दिवस नुसता अभ्यास: इंधन कुठून कुठे जातं, हायड्रॉलिकच्या तीन व्यवस्थांपैकी एक गेली तर काय चालतं आणि काय बंद पडतं. मग सिम्युलेटर. ही एक बंद खोली असते, पायांवर उभी, आत हुबेहूब कॉकपिट. ती यंत्रं इतकी महाग की दिवसरात्र चालवतात, त्यामुळे नवशिक्यांना रात्री दोनची वेळही मिळते. आधी तासभर माहिती, मग चार तास आत, दोघा जणांमध्ये निम्मे निम्मे, मग तासभर चुकांची उजळणी. त्याने हे सांगितलं आणि मला एकदम बीएडचं सूक्ष्म अध्यापन आठवलं. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं ऐकून घ्या, बारा मिनिटांत पाठ पुन्हा आखा, पुन्हा सहा मिनिटं शिकवा. आम्ही त्याला वैतागायचो. समोर विद्यार्थी म्हणून बसलेल्या मैत्रिणी हसायच्या. पण एकच कौशल्य सुटं करून, तेच पुन्हा, तेच पुन्हा, याला दुसरा पर्याय नाही, हे आता एअरबसवाल्यांकडून ऐकल्यावर बरं वाटलं.

सिम्युलेटरमध्ये सगळ्यात जास्त वेळा घडवतात ती गोष्ट म्हणजे उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडणं. धावपट्टीवर एक वेग ठरलेला असतो, त्याला व्ही-वन म्हणतात. त्याच्या आत काही बिघडलं तर थांबता येतं. तो ओलांडला की थांबायचं नाही, एका इंजिनावर वर जायचं. कॅप्टन तर त्या क्षणी थ्रॉटलवरचा हातही काढून घेतो, चुकूनसुद्धा मागे ओढला जाऊ नये म्हणून. हे ऐकून दुलाभाई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जागा विकली तेव्हा आपलं व्ही-वन झालं." घरातला तो आता कायमचा विनोद आहे.

शिवाय धूर भरलेल्या खोलीतून वाट काढणं, आग विझवणं, पाण्यात उडी मारून रबरी तराफ्यावर चढणं. सोलापूरच्या मुलाला पोहणं कुठून येणार? तो सिद्धेश्वर तलावाच्या काठावर भेळ खाऊन मोठा झालेला. ते त्याने तिथे जाण्याआधी दोन महिन्यांत शिकून घेतलं.

पण त्याला सगळ्यात अवघड गेली ती एक वेगळीच गोष्ट. बोलणं. कॅप्टनला चारही पट्ट्या, वय पन्नास, केस पांढरे, हजारो तासांचा अनुभव. शेजारी हा तेवीस वर्षांचा. आमच्या घरात वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात बोलत नाहीत, नजर खाली ठेवतात. तहज़ीब म्हणून आपाने ते त्याच्या अंगी भिनवलं होतं. आणि इथे प्रशिक्षक म्हणतो, कॅप्टन चुकत असेल तर बोल. त्याने ऐकलं नाही तर पुन्हा बोल, अधिक स्पष्ट. तरीही नाही ऐकलं तर नियंत्रण हातात घे.

याला कारण आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. त्यातल्या डच विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती, की समोरचं विमान धावपट्टीवरून हटलं नसेल का? कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक. त्याने ठामपणे सांगितलं, हटलंय. विषय संपला. त्या अपघातानंतर रेडिओची भाषासुद्धा बदलली. 'टेकऑफ' हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात, बाकी वेळी 'डिपार्चर'. एका शब्दाचा अर्थ दोघांनी दोन प्रकारे घेतला की काय होतं, हे मी आता नववीच्या वर्गात यावरूनच शिकवते.

आपल्याकडचं उदाहरण मंगळूरचं. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान टेकडीवरच्या धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं. १५८ जण गेले, आठ वाचले. आखातात राबून घरी परतणारे कितीतरी लोक त्यात होते, आपल्यासारख्याच घरांतले. चौकशी अहवाल सांगतो, की कॅप्टन प्रवासात दीड तासाहून अधिक झोपलेला होता आणि उतरताना विमान फार उंचावर होतं. सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हणजे 'उतरू नका, वर घ्या' असं बोलूनही दाखवलं होतं. तो बोलला होता. फक्त नियंत्रण हातात घेतलं नाही.

भाच्याने हा अहवाल वाचला त्या रात्री मला फोन केला. म्हणाला, "खाला, अदबमध्ये राहूनही जोरात बोलता येतं का?" मी म्हटलं, अरे, नमाज़मध्ये इमाम चुकला तर मागचा मुक़्तदी लुक़्मा देतो ना? मोठ्याने 'सुब्हानल्लाह' म्हणतो. मागे उभा असलेला दहा वर्षांचा हाफिज साठीतल्या इमामाला अडवतो आणि त्यात कुणाचाच अपमान होत नाही. तो काही वेळ बोललाच नाही. पुढच्या सत्रात प्रशिक्षकाने मुद्दाम चुकीचा वेग ठेवला, तेव्हा हा दुसऱ्यांदा म्हणताना आवाज चढवून म्हणाला. नंतरच्या शेऱ्यात ते चांगलं म्हणून लिहिलं गेलं.

त्याच दिवसांत, ९ जून २०२५ ला, सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं. त्या विमानतळासाठी २०२३ मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची उंच चिमणी पाडली, तेव्हा गावात केवढा कल्लोळ झाला होता. आपाला वाटलं, पोरगा कधीतरी इथेच उतरेल. तीन दिवसांनी अहमदाबादचा अपघात झाला. आपाने टीव्ही बंद केला आणि त्याला फोन करून सांगितलं, परत ये, जागा गेली तर गेली. तो परत आला नाही. पुढच्या महिन्यात त्याने पहिल्यांदा खरं, रिकामं विमान घेऊन विमानतळाभोवती फेऱ्या मारल्या, उतरला, पुन्हा चढला. मग आधी कॉकपिटच्या मागच्या खुर्चीवर बसून नुसतं बघणं, मग प्रवाशांसह उड्डाणं, पण प्रशिक्षक कॅप्टनबरोबर. सुरुवातीला मागे आणखी एक अनुभवी वैमानिक. अशा कितीतरी उड्डाणांनंतर अंतिम चाचणी, आणि मग 'रिलीज'. तो शब्दही मजेशीर आहे, तुरुंगातून सुटल्यासारखा.

स्टँडबायला मात्र एक अट असते आणि ती आम्हाला फार महागात पडली. फोन आला की ठरलेल्या वेळात, त्याच्या कंपनीत दीड तासात, विमानतळावर हजर. मुंबईत याचा अर्थ अंधेरीच्या आसपास राहणं. मुंब्र्यात आमचे नातेवाईक आहेत, मोठं घर आहे, प्रेमाने बोलावत होते. पण मुंब्र्याहून पावसाळ्यात पहाटे दीड तासात विमानतळ गाठायची हमी कोण देईल?

मग खोली शोधणं सुरू झालं. पगार सांगितला की दलाल खूश. गणवेशातला फोटो बघून मालक खूश. नाव विचारलं की आवाज बदलतो. एका ठिकाणी सांगितलं, सोसायटीत मांसाहार चालत नाही. हा म्हणाला, मी खोलीत स्वयंपाकच करणार नाही. मग सांगितलं, बॅचलर चालत नाही. त्याच मजल्यावर तिघे बॅचलर राहत होते. दुसऱ्या ठिकाणी आगाऊ रक्कम दिल्यावर तिसऱ्या दिवशी परत केली, कारण सांगितलं नाही. एक दलाल तर सरळ म्हणाला, "सर, तुम्ही विमान चालवा, मला काही नाही, पण ही कमिटी ऐकणार नाही." असं अकरा ठिकाणी झालं. माझ्या वाचकांपैकी ज्यांची नावं आमच्यासारखी आहेत त्यांना यात नवीन काही नाही. बाकीच्यांसाठी लिहिते. दीडशे-दोनशे माणसं ज्याच्या हातात निश्चिंत झोपतात, त्याच्या शेजारी दोन भिंतींपलीकडे झोपायला लोकांची हरकत होती. शेवटी मरोळला, एका कॅथलिक म्हाताऱ्या बाईंच्या घरातली मागची खोली मिळाली. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "रात्री दार जोरात लावतोस का?"

आता स्टँडबायचा दिवस कसा असतो ते सांगते. समजा, वेळ पहाटे चार ते दुपारी चार. नियमाने स्टँडबाय बारा तासांहून मोठा नसतो. विमानतळावरच बसवलं तर ती पूर्ण ड्युटी धरतात, घरचा हिशेब वेगळा. बॅग भरलेली, कपडे हवेचा अंदाज नसलेले, कारण चेन्नईला जाणार की श्रीनगरला ते माहीत नाही. गणवेश इस्त्री करून खुंटीवर. फोन चार्जिंगला, आवाज पूर्ण. वुज़ू करताना फोन बेसिनच्या कडेवर. आंघोळ पाच मिनिटांत. झोपायची मुभा असते, पण कान जागे ठेवून झोपणं ही झोप नव्हे, हे तान्हं मूल वाढवलेल्या कुठल्याही बाईला विचारा. जुम्मा आला तर पंचाईत. मशिदीत फोन बंद ठेवायची पाटी. हा दाराजवळच्या शेवटच्या सफ़मध्ये उभा राहतो, फोन शर्टाच्या खिशात थरथरणाऱ्या अवस्थेत. एकदा दुसऱ्या रकातीत तो थरथरला. सलाम फिरवला आणि उलटा फोन लावला. चार मिनिटं झाली होती.

आणि बऱ्याचदा काहीच होत नाही. दुपारी चार वाजतात. गणवेश पुन्हा खुंटीवरच. त्या दिवशी उड्डाण नाही म्हणजे उड्डाणाच्या तासांचा भत्ताही नाही. कॅप्टनपदाच्या वरच्या परवान्यासाठी १५०० तास लागतात, त्यातही भर नाही. नवशिक्याला हे खुपतं. माझं मत वेगळं आहे. हे दिवस असतात म्हणूनच थकलेल्या माणसाला विमानात बसवावं लागत नाही. डीजीसीएने विश्रांतीचे नियम कडक केले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून रात्रीच्या ड्युटीवर आणखी मर्यादा. डिसेंबरमध्ये देशभर विमानतळांवर हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा लोक नियमांवर चिडले. चिडायचं होतं ते माणसं वेळेत न भरल्याबद्दल. भाचा तेव्हा नुकताच रिलीज झाला होता. त्या आठवड्यात त्याचा एकही स्टँडबाय रिकामा गेला नाही.

जानेवारीत आमची अम्मी गेली. रात्री एक वाजता. त्याला पहाटे चारपासून स्टँडबाय होता. नानीच्या मांडीवर वाढलेला मुलगा. आपा म्हणाली, आत्ता सांगू नका, उडताना हात कापेल. मी म्हटलं, म्हणूनच आत्ता सांगायला हवं. मीच फोन केला. प्रशिक्षणात त्यांना स्वतःला विचारायचे प्रश्न शिकवतात: आजारी आहेस? औषध घेतलंयस? ताण आहे? झोप झाली? मन ठिकाणावर आहे? कागदावर हे सोपं आहे. पण नोकरीला दोन महिने झालेल्या पोराने रात्री दीड वाजता कंपनीला फोन करून 'मी आज उडायला योग्य नाही' म्हणायचं, याला काय लागतं ते मी त्याच्या आवाजात ऐकलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, "तुम्ही कदाचित बोलावले जाणारही नाही, तरी नाव काढू?" तो म्हणाला, काढा. टॅक्सीने तो सकाळी दहाला सोलापुरात पोचला. ज़ोहरनंतर दफ़न झालं, त्याने खांदा दिला. त्या महिन्याचा पगार कमी आला. कुणी काही बोललं नाही, पण नव्या माणसाला कुणी न बोललेलंही ऐकू येतं.

रमज़ानमध्ये उडण्याच्या दिवशी तो रोज़ा ठेवत नाही. मुसाफिराला सवलत आहे, नंतर क़ज़ा करता येतो, आणि रिकाम्या पोटी, पाण्याशिवाय शेवटचं लँडिंग करणं हा तक़वा नव्हे, असं आमच्या मौलानांनीच त्याला सांगितलं. स्टँडबायच्या दिवशी काय? इथे मौलानाही विचारात पडले, कारण घरी बसलेला माणूस मुसाफिर नाही. त्याने स्वतःपुरता मार्ग काढला. त्या दिवसांत तो सहरीला भरपूर पाणी पिऊन रोज़ा ठेवायचा, आणि फोन आला की विमानतळाच्या वाटेवर सोडायचा, असं ठरवलं होतं. वेळ एकदाच आली. टॅक्सीवाला भाईजान होता. त्याने आरशातून बघितलं, काही बोलला नाही, आणि पुढच्या सिग्नलला स्वतःजवळची पाण्याची बाटली मागे दिली.

एकदा त्याने फोटो पाठवला होता, संध्याकाळचा, परतल्यावर. ढगांच्या वर सूर्य अजून लाल. खाली जमिनीवर अंधार पडलेला, मग़रिब होऊन गेलेली. वर असलेल्याचा सूर्य उशिरा मावळतो. दुबईत तर बुर्ज खलिफाच्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना इफ्तार दोन-तीन मिनिटं उशिरा करायला तिथल्या मुफ्तींनी २०११ मध्ये सांगितलं होतं. मी तो फोटो वर्गात दाखवला. एका मुलीने विचारलं, "टीचर, मग पायलटचा रोज़ा सगळ्यांत मोठा का?"

पुढच्या महिन्याचं रोस्टर परवा आलं. चार स्टँडबाय आहेत, त्यातला एक बक़रीदच्या दिवशी, सकाळी पाचपासून. आपाने विचारलं, बोलावलं नाही तर संध्याकाळपर्यंत येशील का? तो म्हणाला, चार वाजता सुटेन, रात्रीची बस आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतो. आपाने त्याच्या वाटणीचं गोश्त ठेवायला फ्रीजचा वरचा कप्पा आत्ताच रिकामा केलाय.